खंड ओलांडू नये

३ मार्च, सोमवार

नोकरी लागली आणि पहिला दिवस झकास गेला. वालू बेच्या धक्क्यावर बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या माडीवर आमचं ऑफिस. खाली बर्फ फोडतात तेव्हा वर खुर्च्या थरथरतात, आणि माशांचा वास जिन्यापासून पाठीला लागतो तो संध्याकाळी घरापर्यंत येतो. पण खिडकीतून अख्खी खाडी दिसते, नांगरलेल्या बोटी दिसतात, आणि आज चक्क दिवसभर ऊन होतं. पावसाळी सुवा शहरात एवढं मिळालं तरी माणसाने कुरकुरू नये.

मुनसामी इथला मुख्य. पोट मोठं आणि हसू त्याहून मोठं. खाली जाऊन त्याने स्वतः माझ्यासाठी बटाट्याची रोटी बांधून आणली. म्हणाला, पहिल्या दिवशी उपाशी बसलेलं माणूस पुढे वर्षभर तोंड पाडून बसतं, असा माझा अनुभव आहे. शेजारच्या टेबलावर लुसियाना. ती इथे येऊन दोन महिने झालेत, पण बोलते अशी की जणू तिच्याच आजोबांनी ऑफिस बांधलं. एसी कुठे गळतो, कुठला कप कुणाचा, मुनसामीच्या कुठल्या विनोदाला हसायचं आणि कुठल्याला नाही, सगळं तिने तासाभरात शिकवलं. खूप हसलो.

हसणं भागच होतं. या खोलीत कुणालाच ठाऊक नाही की मी, वासे, एरोनीची बहीण आहे. आमच्यात सख्ख्या भावंडांची आडनावं एक असतातच असं नाही, ते इथे माझ्या पथ्यावर पडलं.

एरोनी माझा धाकटा भाऊ. 'मारामा नि वाई' नावाच्या टूना पकडणाऱ्या बोटीवर खलाशी होता. गेल्या वर्षी बोट परत आली, तो आला नाही. कॅप्टन साकिउसा म्हणाला, पोरगा प्यायला होता, रात्री कधीतरी पाण्यात पडला, कुठल्या रात्री ते सांगता येत नाही. मग हाच साकिउसा आमच्या दारी ताबुआ घेऊन आला. व्हेलचा तो दात दोन्ही हातांवर धरून, मान खाली घालून चटईवरून गुडघ्यांनी सरकत आला. मोठ्या काकांनी दाताला हात लावला, म्हणजे माफी स्वीकारली, आणि प्रकरण पुरलं गेलं. त्याला आम्ही बुलुबुलूच म्हणतो, पुरणं. एकदा पुरलं की त्याचा सूड घ्यायचा नाही, नावही काढायचं नाही.

आईने मात्र काळे कपडे अंगावरून उतरवले नाहीत. ते शंभराव्या रात्री उतरवायचे. पण ज्याचा जाण्याचा दिवसच माहीत नाही, त्याची शंभरावी रात्र मोजायची कुठून? तिने मासा सोडलाय. लग्नकार्याला जात नाही, केसांना कात्री लावत नाही. दारातल्या पायरीवर बसून असते.

त्या बोटीवरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग याच खोलीत तपासलं गेलं, म्हणून मी इथे आले. तो दिवस मला आईला आणून द्यायचा आहे. आणि ज्याने एरोनीचं काही केलं त्याला मी पुरून उरणार आहे. ताबुआला काकांनी हात लावलाय, मी नाही.

५ मार्च, बुधवार

काम समजलं. खरं तर यायच्या आधीच समजलं होतं, टेलिफोन कंपनीत नेटवर्कवर सहा वर्षं घासलीत मी. पण मुनसामीला शिकवायची हौस आहे, म्हणून शिकून घेतलं.

प्रत्येक बोटीच्या डेकवर कॅमेरे असतात. गळाला काय लागलं, पाण्यात काय परत टाकलं, सगळं टिपतात. बोट धक्क्याला लागली की डिस्क आमच्याकडे येते आणि ते रेकॉर्डिंग सर्व्हरवर चढतं. सर्व्हर त्या चित्रांचे बारीक तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यावर वेळ आणि क्रमांक घालतो आणि नेटवर्कवरून आमच्या स्क्रीनवर सोडतो. आम्ही बघतो आणि मासे मोजतो.

आता समुद्रातला कॅमेरा म्हणजे लाडावलेलं पोर. खारं पाणी तारेत शिरतं, वीज जाते, मध्येच रेकॉर्डिंग बंद पडतं आणि पुन्हा सुरू होतं. असा खंड आला की सर्व्हरने काय करायचं, याची रीत ठरलेली आहे. खंडानंतरच्या पहिल्या तुकड्यावर खूण करायची, की बाबा रे, याच्या आधी तुटलंय. मग बघणाऱ्याच्या स्क्रीनवर कडेला लाल रेघ उमटते. ज्याला हवं त्याने मधला वेळ घड्याळाबरोबर काळ्या स्क्रीनवर बघावा, ज्याला नको त्याने उडी मारावी.

मुनसामीने खूण बंद करून ठेवली आहे. उडी कायमची चालू. खंडाचे दोन काठ असे बेमालूम जोडले जातात की पापणीसुद्धा लवत नाही. मी भोळा चेहरा करून विचारलं, असं का. तर म्हणाला, काळोख बघून कुणाचं भलं झालंय वासे? लाल रेघा दिसल्या की सरकारी साहेब प्रश्न विचारत बसतात. जे नाही ते नाही, पुढे चला.

बरं, म्हटलं. पुढे चला.

१० मार्च, सोमवार

आज 'मारामा नि वाई' सापडली.

दुपारी लुसियाना खाली रोटी आणायला गेली तेव्हा उघडली. एरोनी डेकवर होता. रग्बी क्लबचा तो फाटका निळा शर्ट, जो मी दोनदा टाकायला काढला आणि त्याने दोनदा कचऱ्यातून परत आणला. दोरी ओढत होता. ओढता ओढता मान वर करून त्याने कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवली. लहानपणी मी पकडली गेले आणि तो सुटला की अशीच दाखवायचा. मला हसू आलं.

पुढच्याच क्षणी तो नव्हता. स्क्रीन लवली नाही, काही नाही. तेच डेक, तीच दोरी. साकिउसा पाण्याची नळी धरून डेक धूत होता. आधी सावल्या पायांखाली होत्या, आता लांब झालेल्या. माशांची पेटी आधी अर्धी होती, आता काठोकाठ भरलेली.

भर दुपार होती. रात्र नव्हती, दारू नव्हती. तारीख कोपऱ्यात लिहिलेली. हा माणूस ताबुआ हातावर धरून माझ्या काकांच्या तोंडावर खोटं बोलला.

तारीख मी मनात ठेवली आहे. आईला अजून सांगितली नाही. अर्धवट कशाला सांगू? आधी काय झालं ते कळू दे. आज वर्षानंतर पोटभर जेवले, कसाव्याचा कंद दुसऱ्यांदा वाढून घेतला. संतापाने भूक लागते हे मला माहीत नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

मुनसामी बंदरावर गेला होता. मी सर्व्हरवरची उडी बंद केली आणि खूण चालू केली. दोन कळा दाबायच्या, बस. एवढ्यासाठी माझा भाऊ वर्षभर अदृश्य होता.

मग तो खंड पहिल्यापासून लावला. एरोनीने जीभ दाखवली आणि स्क्रीन काळी झाली. कोपऱ्यात घड्याळ मात्र चालत राहिलं. मी समोर डबा उघडून बसले. डाळोची, अळूसारखी, पानं नारळाच्या दुधातली, आईने दिलेली. काळोखाकडे बघत जेवले. त्याच्या सोबतीला बसल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट खटकली. जिथे रेकॉर्डिंग नाही तिथे सर्व्हरकडून काहीच यायला नको. इथे तुकडे येत होते. चित्र नाही, पण क्रमांक एकापुढे एक वाढत होते. कोणीतरी अंधारात उभं राहून फक्त श्वास घ्यावा तसं.

आणखी एक कळलं. खंड समुद्रात पडलेला नाही. रेकॉर्डिंग इथे पूर्ण आलं होतं, इथेच कापलं गेलं. कापणाऱ्याचं नाव सर्व्हर आपोआप टिपतो. मुनसामी. मला रोटी खाऊ घालणारा मुनसामी, करून सवरून नामानिराळा.

१७ मार्च, सोमवार

आज गंमत झाली. जेवणाच्या वेळी मुनसामी खुर्चीवरून नाहीसा झाला. कुणी जाताना पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने दारातून आत आला तो गुडघ्यांपर्यंत ओला, बुटांतून पाणी चुळचुळतंय. लुसियानाने लगेच टोमणा मारला, काय भाई, एवढा उकाडा झाला की कपड्यांसकट खाडीत उतरलात? तो हसला आणि कप उचलला. म्हणाला, मी तर कुठे गेलोच नव्हतो.

तो घरी गेल्यावर मी दारावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. ते याच सर्व्हरवर साठतं. मुनसामी खुर्चीत बसलेला दिसतो. मग काळं. मग लाल रेघ, आणि तो दारात उभा, ओला.

आमच्या दाराचा कॅमेरा आजवर एकदाही बंद पडलेला नाही.

मग मी बोटीचं रेकॉर्डिंग लावलं. खंडाच्या सुरुवातीचा काळोख सरला होता. तिथे डेक दिसत होतं. मुनसामी जेवढा वेळ नाहीसा होता, बरोबर तेवढंच चित्र भरलं होतं. मी घाबरले. पण भीतीच्या आधी आनंद झाला. हेही लिहून ठेवते.

२० मार्च, गुरुवार

मुनसामी रोज जातो. परत येतो तो दर वेळी जास्त ओला. आज छातीपर्यंत. लुसियाना आता टोमणे मारत नाही.

जेवढा तो जातो तेवढा खंड भरतो. आज मी पाहिलं. कुणी ढकललं नाही एरोनीला. दोरीचा गळ त्याच्या शर्टात अडकला, माशांच्या ओढीने उलटी सुटलेली दोरी त्याला घेऊन गेली. शर्ट फाटला, तो सुटला, वर आला. माझा भाऊ पाण्यात नीट पोहत होता. एक हात वर करून हाका मारत होता. साकिउसाने वळून पाहिलं. मग भरलेल्या दोरीकडे पाहिलं. मग खलाशाला खूण केली, ओढत राहा. बोट वळवली असती तर दोरी तुटली असती, मासे गेले असते.

तो पुढे चालता झाला. एवढंच त्याने केलं.

संध्याकाळी मुनसामी माझ्यापाशी आला. म्हणाला, वासे, ती उडी परत चालू कर, तुझ्या पाया पडतो. मला डोळे मिटले की डेक दिसतं, एक पोरगा पाण्यातून माझ्याकडे बघतो. मी त्याला सांगितलं, तो पोरगा माझा भाऊ आहे. तो हात जोडून सांगायला लागला की साकिउसा रडत आला होता, म्हणाला तेवढा तुकडा काढून टाक, पोराच्या घरच्यांना बघवणार नाही. मी नुसतं कापलं गं, देवाशपथ, पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, न बघता कापलंस, तेच तर केलंस.

उडी मी चालू केली नाही. त्याला तीन मुलं आहेत, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

२५ मार्च, मंगळवार

मुनसामी आला नाही. म्हणजे आला होता. दाराच्या कॅमेऱ्यात सकाळी आत येतो, खुर्चीत बसतो, लुसियानाला काहीतरी सांगून हसतो. मग काळं. मग लाल रेघ. रेघेनंतर रिकामी खुर्ची. पोलीस आले, जिना पाहिला, खाडी पाहिली. खुर्चीची गादी पिळली तर पाणी निघालं. मिठाचा वास.

बोटीवरचा खंड आता अर्ध्याच्या वर भरलाय. त्यात डेकच्या कठड्याशी मुनसामी उभा आहे, ऑफिसच्या कपड्यांत. एरोनीकडे बघतोय. नजर काढू शकत नाही.

मला वाईट वाटायला हवं. वाटून पाहिलं. वाटेना.

२८ मार्च, शुक्रवार

आज साकिउसा आला. जिना चढला तेव्हाच ओल्या बुटांचा आवाज ओळखला. कंबरेपर्यंत ओला. लुसियानाला त्याने बाहेर जायला सांगितलं, तीही गेली. मग माझ्यासमोर ऑफिसच्या फरशीवर गुडघे टेकून त्याने कापडातून ताबुआ काढला. म्हणाला, मुनसामीने जाण्याआधी सांगितलं तू कोण. मी चुकलो बाई. तू हात लाव, तू हे पुरून टाक. तो खंड जोडून टाक.

मी हात मागे बांधून उभी राहिले. म्हटलं, काकांना खोटं सांगून पुरलंस ना, ते पुरलं गेलंच नाही कधी. तो म्हणाला, बोट वळवली असती तर पंधरा माणसांची कमाई गेली असती. मी म्हटलं, हे त्याला सांग. तो आहे तिथेच, हात वर करून.

तो ताबुआ तिथेच टाकून गेला. खिडकीतून मी बघत होते. धक्क्यावर कसावा विकणारीच्या पुढ्यात उभा राहिला, पिशवी घ्यायला हात पुढे केला. आणि मग नुसती पिशवी खाली पडली. बाई ओरडली. आजूबाजूला एवढी माणसं, भर उजेड, आणि कुणीच त्याला जाताना पाहिलं नाही.

मी खिडकी लावली आणि स्वतःला चहा केला. दोन चमचे साखर. एरोनी, झालं रे बाबा.

पण संध्याकाळी पाहिलं तर शेवटचा थोडा खंड अजून काळाच आहे. दोघे गेले, तरी भरला नाही. त्याच्या आधीच्या चित्रात एरोनी अगदी लहान दिसतो, डोकं आणि हात. ओठ हलताना दिसतात. एकच शब्द पुन्हा पुन्हा. कॅप्टनचं नाव नाही ते.

अजून कोण राहिलं आहे?

३१ मार्च, सोमवार

आईचा फोन. म्हणाली, घाबरू नकोस, पण मोठे काका असं कसं करतात ते बघ. दुपारी चटईवर बसून यांगोना, ते मुळांचं पेय, पीत होते. वाटी हातात, चारचौघे समोर. एकाएकी जागा रिकामी, वाटी चटईवर गोल फिरतेय. सगळे शोधून दमले तेव्हा काका मागच्या दारातून आले. पोटऱ्यांपर्यंत ओले. विचारत होते, एरोनी घरी पोचला का?

मी धावत आईकडे गेले. काका शांत होते. मला जवळ बसवलं, बाबा गेल्यावर बसवायचे तसं. म्हणाले, पोरी, मी त्याला पाहिलं. पाण्यात आहे. तो मला विचारतो, दाताला हात का लावलात. मी म्हटलं, कॅप्टनच्या गावात आपल्या दोन मुली दिल्यात, भांडण चालवून त्यांचं काय झालं असतं? तर नुसता बघत राहिला. त्याचं बरोबर आहे गं. मीही पुढेच गेलो ना त्याला सोडून.

काका नाही. या माणसाने आम्हाला वाढवलं. ताबुआला हात लावून झाल्यावर हाच माणूस केळीच्या बागेत जाऊन रडला होता, मी पाहिलं होतं ते. काका नाही, एरोनी.

१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात एकटीच. लुसियाना यायची बंद झाली, तिच्या आईला म्हणे बरं नाही.

स्क्रीनसमोर बसून त्याच्याशी बोलले. म्हटलं, मी तुझ्यासाठी आले, मीच तुला बाहेर काढलं, माझं एवढं ऐक. म्हाताऱ्याला सोड. त्याने कुणाचं वाईट केलं नाही. तुला तो खांद्यावर घेऊन जत्रेला—

त्याने वर पाहिलं नाही. घड्याळ चालत राहिलं.

फोन. काका पुन्हा नाहीसे झाले आणि ओले होऊन आले, छातीपर्यंत. शेवटचा काळोख भरत चाललाय. काका कठड्याशी आहेत, मुनसामीच्या आणि साकिउसाच्या शेजारी. ते दोघं नुसते उभे. काकांनी मात्र दोन्ही हात पुढे केलेत. वाकलेत. अजून थोडे वाकले तर—

तिसऱ्यांदा गेले तर येणार नाहीत. मुनसामीला मी असंच मोजत होते. तेव्हा मजा वाटत होती.

२ एप्रिल

केलं.

उडी चालू केली. खूण बंद केली. दोन कळा.

लावून पाहिलं. एरोनी जीभ दाखवतो आणि लगेच डेक धुतलेलं. मधलं काही नाही. पापणी लवत नाही. तो हात वर करून ओरडत होता आणि मी दोन कळा दाबून पुढे—

आईचा फोन. काका झोपलेत. अंग कोरडं आहे. मी रडले. मग आईला सांगितलं. म्हटलं, दिवस कळलाय आई. दुपार होती. तो प्यायलेला नव्हता, पोहत होता. शंभर रात्री कधीच होऊन गेल्यात. उतरव ते काळं. ती म्हणाली, तू कधी येतेस? मी म्हटलं, उद्या सकाळी आले, मासा आणते, दोघी मिळून

वहीचं पान ओलं आहे.

वरचं वाक्य मी पुरं केलं नाही. का केलं नाही ते आठवत नाही. खिडकीत ऊन या बाजूला होतं, आता त्या बाजूला आहे. पायांत मोजे ओले.

३ एप्रिल

दाराचा कॅमेरा पाहिला. मी खुर्चीत बसून वहीत लिहितेय. पुढे मी दारात उभी. मध्ये काही नाही, पापणी लवत नाही. खूण मीच बंद केली ना. त्यामुळे रेघसुद्धा नाही. माझा खंड कुणाला दिसणारच नाही.

उडी बंद केली तर मी सुटेन. मग काका जातील.

बोट कळेवर ठेवून पाहिलं. काढलं. पुन्हा ठेवून पाहिलं. खोटं कशाला लिहू, ठेवलं होतं.

नाही करणार. त्याचं देणं माझ्यावरच जास्त आहे. साकिउसा त्याला सोडून गेला तेव्हा त्याला ओळखत तरी कुठे होता फारसा. मी त्याला ओळखून, नाव घेऊन, बघून—

कंबरेपर्यंत.

४

आईने केस कापले म्हणे. काळं उतरवलं. काकांनी डुक्कर आणायला सांगितलंय, जेवण घालणार गावाला. सगळे वाट बघताहेत. मासा नेला नाही मी अजून. आज नेते. बर्फवाल्याकडून चांगला टूना, आईला पोटाकडचा

ऊन. डोळ्यांवर. डेक गरम आहे, पाय भाजतात. वही हातातच राहिली.

नळी चालू आहे, धरायला कुणी नाही. मुनसामी नाही, साकिउसा नाही. चाक फिरवून पाहिलं, फिरत नाही. बोट पुढेच जाते.

तो आहे. मागे, पाण्यात. हात वर. इथून आवाज येतो, रेकॉर्डिंगमध्ये येत नव्हता. एकच शब्द. वासे. वासे. पहिल्यापासून तो मलाच—

आले रे. कठड्याशी आलेय. वाकलेय. तो जवळ येतोय, बोट पुढे जातेय तरी जवळ. रागावलेला दिसत नाही. हसतोय. जीभ काढून दाखवली.

हात दिला. धरला त्याने. घट्ट. आता ये वर, एरोनी, ये. वर ये. असा काय ओढतोस, मी तर तुला वर